एक शर्ट, सतरा खातेदार

माणसाकडे कपाट नव्हते तेव्हा कपडे पुरत होते. एक दोरी असे. दोरीवर एक जोड, अंगावर एक जोड आणि लग्नकार्यासाठी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपवलेला एक. मग कपाट आले आणि त्याच्यामागोमाग 'घालायला काही नाही' हा आजार आला. हा आजार फक्त गच्च भरलेल्या कपाटासमोर उभे राहिल्यावरच होतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या नजरेतून कशी निसटली कोण जाणे. आमच्याकडे सौ. कपाटाचे दार उघडते, तीन साड्या आपण होऊन तिच्या पायांवर पडतात आणि त्या उचलता उचलता ती म्हणते, "नेसायला एक धड साडी नाही माझ्याकडे." अशा वेळी नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरावे. मी तेच करतो.

मी कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेत कारकून. त्यामुळे कपाटाकडेही मी खातेवहीच्या नजरेने बघतो. कॉलेजात आम्हांला मालाच्या हिशेबाच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. आधी आलेला माल आधी बाहेर, ही एक. शेवटी आलेला आधी बाहेर, ही दुसरी. कपाट दुसऱ्या पद्धतीने चालते. वरचे तीन शर्ट वापरले जातात, धुतले जातात आणि पुन्हा वरच येऊन बसतात. खालचा माल बिचारा उजेड बघत नाही. बँकेत अशा मालाला अनुत्पादक म्हणतात आणि वरून पत्र येते. कपाटाला पत्र पाठवणारे कोणी नाही.

घसारा म्हणजे काय, हे मात्र मला प्राध्यापकांच्या आधी आजीने शिकवले. आजोबांचे धोतर विरले की आजी विरलेला भाग काढून दंड घाली. दंडाचे धोतर आणखी वर्षभर चाले. मग त्याचा पंचा होई. पंच्याची काठं गेली की मधला चांगला भाग चक्का बांधायला. त्यातून उरेल ते घरातल्या तान्ह्या मुलाला. हा क्रम आजीने कडक पाळलेला असे. आधी चक्का आणि मग तान्हे मूल, उलट कधीच नाही. त्यानंतर तेच कापड चुलीपाशी फडके म्हणून, उंबऱ्यात पायपुसणे म्हणून आणि शेवटी मोरीत पोतेरे म्हणून सेवा करी. एखादी स्वच्छ चिंधी आधीच बाजूला काढून आजीने तिचा काकडा वळलेला असे. म्हणजे आजोबांचे धोतर एका टोकाला मोरीत आणि दुसऱ्या टोकाला देवापुढे संपत असे. भंगारकिंमत म्हणून पुस्तकात जो आकडा धरतात, तो आमच्या घरी कधी लिहावाच लागला नाही.

यातूनही जे वाचे ते बोहारणीकडे जाई. बोहारीण ही अर्थशास्त्रातली मोठी व्यक्ती, पण तिच्यावर धडा नाही. ती पँट उजेडाकडे धरून आरपार बघायची. बूड तपासायची, चेन दोनदा वरखाली करायची, काखेत बोट घालून शिवण ओढायची आणि मग तुच्छतेने ती पँट बाजूला टाकून म्हणायची, "याला काय येतंय बाई? चमचा घ्या." आमच्या बँकेत कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी महिनाभर बोहारणीच्या हाताखाली उमेदवारी केली असती तर बँकेची किती तरी बुडीत कर्जे वाचली असती.

हे सारे मला आठवायचे कारण माझी भाची. ती ठाण्याला असते आणि इन्फ्लुएन्सर आहे. हे मी आमच्या शाखेत सांगितले तेव्हा शिपाईमामांनी काळजीने विचारले, "मग आता ताप उतरला का?" बहिणीलाही तो प्रकार समजायला वेळ लागला. एकदा फोनवर ती म्हणाली, "आज नको येऊस, आज हिचा हॉल आहे." मला वाटले मंगल कार्यालय ठरले. आहेराचे पाकीटसुद्धा मी काढून ठेवले होते. हॉल म्हणजे एका दमात मागवलेल्या कपड्यांचा ढीग कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवणे, हे नंतर कळले. त्या दिवशी बावीस कपडे होते. प्रत्येक कपडा अंगावर चढायचा, भाची एक गिरकी घ्यायची, कपडा उतरायचा. आमच्या आजोबांचे एक धोतर जितकी वर्षे चाले तितके सेकंदही एकेका कपड्याच्या वाट्याला येत नव्हते.

"यातला कुठला घालणार?" मी विचारले.

"मामा, घातले की आत्ता!"

या धंद्याचा एक कडक नियम आहे. फोटोत एकदा आलेला कपडा पुन्हा फोटोत येता कामा नये. आला तर खाली लोक लिहितात की हा आधी बघितलाय. आमच्या लहानपणी सगळ्या फोटोंत तोच एक शर्ट असे, कारण फोटोचा शर्ट वेगळाच असे. पण ते जाऊ द्या.

मी तिला विचारले की ३९९ रुपयांत झगा देणे दुकानदाराला परवडते कसे? कापूस, सूत, रंग, शिलाई, गाडीभाडे आणि तुझी गिरकी, एवढे सगळे ३९९ रुपयांत? ती म्हणाली, "सेल होता." कॉमर्सवाल्याचे एवढ्याने समाधान होत नाही. स्वस्त मालाच्या ताळेबंदाची एक बाजू नेहमी दुसऱ्या गावात लिहिलेली असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी त्यांना कामावर चढवले होते. ती माणसे कोणाच्याही बिलात दिसली नाहीत.

अलीकडे भाची 'सस्टेनेबल' झाली आहे. म्हणजे टिकाऊ. आमच्या वेळी कापडदुकानदार 'मळखाऊ आहे, टिकाऊ आहे' म्हणत तागा उलगडायचा. त्यातला मळखाऊ गळाला आणि टिकाऊ इंग्रजीत गेला. टिकाऊ व्हायचे ठरल्यावर तिने पहिली गोष्ट ही केली की जुने सगळे कपडे टाकायला काढले आणि टिकाऊ कपड्यांचा नवा हॉल मागवला. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद म्हणून तिच्याकडे आता चौदा कापडी पिशव्या आहेत. आमच्याकडे एक आहे. ती माझ्या कॉलेजातल्या पँटची आहे आणि बटाटे घेताना मला अजून तिच्या खिशात हात घालायची सवय आहे.

जुने कपडे टाकायचे म्हटल्यावर प्रश्न आला, कुठे? आता बोहारीण फारशी फिरकत नाही, आणि फिरकली तरी असल्या कापडाला चमचासुद्धा देत नाही. मग भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना एकदम आदिवासी आठवले. आणि आदिवासींपाठोपाठ जव्हारचा मामा आठवला.

जव्हार म्हणजे एके काळचे मुकणे राजांचे संस्थान. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच. शंभर इंचांवर पाऊस, राजवाडा, सनसेट पॉइंट आणि आमची शाखा. मी इथे पहिल्यांदा आलो ते २०१४ साली. मधे वाडा, डहाणू करून पुन्हा इथेच. त्या वर्षी ऑगस्टच्या १ तारखेला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि २८ तारखेला जनधन योजना आली. आमच्याकडे फॉर्मांवर छापलेले ठाणे खोडून पालघर लिहायचे आणि त्याच पेनाने खाती उघडायची, असे दुहेरी काम होते. टेबलावर फॉर्मांचे डोंगर साचले. एके दिवशी शहरातून नवीनच आलेले आमचे मॅनेजरसाहेब एक गठ्ठा घेऊन लालबुंद चेहऱ्याने बाहेर आले.

"हा फ्रॉड आहे! एकाच माणसाने सतरा खाती उघडलीत!"

मी फॉर्म बघितले. माणसे सतरा होती. शर्ट एक होता. निळ्या चौकड्यांचा, कॉलरचे डावे बटण तुटलेला, खिशाला पेन. सतराही फोटोंत तेच बटण तुटलेले आणि तेच पेन, अंगठा उठवणाऱ्यांच्या खिशालासुद्धा.

चौकशीला मला पाठवण्यात आले. चौकशी फार लांबली नाही. एस. टी. स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत शिरलो तर आरोपी समोरच खिळ्याला टांगलेला होता. स्टुडिओवाले म्हणाले, "साहेब, माणसं लावणीतून उठून येतात. अंगात भिजलेलं बनियन. सरकारी कागदावर तसा फोटो कसा लावायचा?" बारीक माणूस असला की शर्ट पाठीमागून कपड्यांच्या चिमट्याने आवळायचा. जाड असला की पुढून नुसता टेकवून पाठ उघडी ठेवायची. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही. पेन स्टुडिओच्या पावतीपुस्तकाचे. ते मात्र फोटो झाल्याबरोबर परत घ्यायचे, कारण शर्ट कोणी नेत नसे, पेन जायचे.

शर्ट दीडशे रुपयांचा, आमच्या एका शाखेतच सतरा वेळा वापरलेला. माझ्या हिशेबाने एका वापराला नऊ रुपयेसुद्धा पडत नव्हते. मी तसा लेखी अहवाल दिला. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला. ही हकीकत भाचीला सांगितली तेव्हा ती ओरडलीच, "मामा, तो शर्ट मला हवाय! व्हिंटेज आहे!" पण तो शर्ट आता निवृत्त झाला आहे. हल्ली स्टुडिओत संगणकावरून प्रत्येकाला काळा कोट आणि लाल टाय चढवतात. आमच्या फाइलींत सध्या सगळा तालुका वकील आहे.

तर गेल्या पितृपक्षात भाची आली आणि तिच्यामागून विक्रमगडचा घाट चढत कपड्यांनी भरलेला टेम्पो आला. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावर जायचे ठरले होते. वाटेत धुके, दोन्ही बाजूंना नागली-वरईची हिरवी शेते, कड्यांवरून पाणी. भाची म्हणाली, "किती पाणी आहे इथे!" मी म्हटले, मे महिन्यात ये. इथल्या कितीतरी पाड्यांवर तेव्हा पाण्याचा टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन रांगेत बसलेल्या असतात. मुंबईचे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याला आहे. तिथून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरच्या वर पाणी मिळते. मग मी तिला बँकेचा हिशेब करून दाखवला. कापूस पिकवण्यापासून धरले तर एका सुती टी-शर्टला सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असे सांगतात. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरात पावणेचार टी-शर्ट. तुझे बावीस कपडे सुती धरले तर सहा टँकरना फक्त सहाशे लिटर कमी.

"पण त्यातले निम्मे पॉलिएस्टर होते," भाची म्हणाली.

"मग ते तुझ्या नातवंडांनाही बघायला मिळतील. कुजत नाहीत ते."

इथून पाणी तिकडे जाते आणि तिकडून कपडे इकडे येतात, असा हा व्यवहार आहे. जमाखर्चात ही नोंद कोणत्या बाजूला करायची ते अजून मला ठरवता आलेले नाही.

पाड्यावरच्या समाजमंदिरात ढीग ओतला. ढीग छातीएवढा झाला. त्यात बटणे गेलेली शेरवानी होती, सात टाय होते, उंच टाचेची एक चप्पल होती, फक्त एक. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या पँटी होत्या. (त्यांतल्या एकीला पाड्यावरच्या एका बाईने दुसऱ्या दिवशी आतून इतके सुबक ठिगळ लावले की फॅशन कायमची बुजली.) टिकल्याटिकल्यांचा चमचमणारा एक चंदेरी गाउन होता. काही कपड्यांना किंमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती. म्हणजे ते दुकानातून कपाटात आणि कपाटातून टेम्पोत, मधे माणूस नाही. भाची फोन धरून चित्रण करत होती.

एक म्हातारी पुढे आली. गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे, हातात काठी. ढिगाकडे बराच वेळ बघून तिने अगदी हळू आवाजात मला विचारले, "दादा, कोन मेला?"

मला काही बोलता येईना. तिचे काय चुकले? धडधाकट कपडे माणूस एरवी कधी देतो? माणूस गेले की देतात. त्यातून पितृपक्ष. आणि एवढा ढीग, म्हणजे मोठेच काही घडले असणार. भाचीने फोन खाली घेतला.

"कोणी नाही मेलं, आजी. कंटाळा आला म्हणून दिलेत."

"कशाचा?"

"कपड्यांचा."

म्हातारीने भाचीकडे असे बघितले की मला वाटले, आता ही पुढे होऊन हिच्या कपाळाला हात लावून बघणार. आमच्या शिपाईमामांसारखेच तिलाही तापाचीच शंका आली असावी.

पुढे माझ्या वाचनात आले की आफ्रिकेत घाना देशात, आक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा अवाढव्य बाजार आहे. युरोप-अमेरिकेचे टाकलेले कपडे तिथे गठ्ठ्यांनी उतरतात. तिथल्या भाषेत त्या मालाचे नाव आहे 'ओब्रोनी वावू', म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. पहिल्यांदा गठ्ठे फुटले तेव्हा तिथल्या लोकांनाही वाटले म्हणे, की जिवंत माणूस असे कपडे कशाला देईल? आमची म्हातारी आक्र्याला कधी गेलेली नाही. मोखाड्याच्या पलीकडे गेली असेल तर भातकापणीला.

तिने मग ढिगाभोवती एक फेरी मारली. एक शिवण ओढून बघितली, एक कापड उजेडाकडे धरले. मी मनात म्हटले, बोहारीण! एवढ्या ढिगातून तिने तीन वस्तू घेतल्या: एक जाड चादर, रात्री शेतावर राखणीला बसणाऱ्या मुलासाठी एक स्वेटर आणि तो चंदेरी गाउन. भाचीने एक साडी पुढे केली तर म्हणाली, "लुगडा मी माझा घेन." बोहारणीने नाकारलेले ते आपण दान म्हणून टेम्पोत भरतो, ही गोष्ट या मंडळींना फार लवकर कळते.

आणि इथल्या बायकांना ती सांगताही येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, जव्हार तालुक्यातल्या आदिवासी बायका तहसील कचेरीवर चालून आल्या आणि रेशनवर फुकट मिळालेल्या साड्या नि पिशव्या शेकड्यांनी परत टाकून गेल्या. आम्हांला हे नको. काम द्या, मुलांना शिक्षण द्या, म्हणाल्या. फुकट साडी परत करणारी बाई मी तरी तोवर बघितली नव्हती. आमच्या सौ.ला सांगितले तर ती बराच वेळ गप्प बसली.

जव्हारजवळ शिरपामाळ नावाची जागा आहे. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. म्हणजे पाहुण्याच्या डोक्यावर चढवायचे, हा या मुलखाचा रिवाज. आता पाहुणे येतात ते उतरवलेले घेऊन.

मग नवरात्र आले. नवरात्राचे नऊ रंग शास्त्रात नाहीत, ते वर्तमानपत्रात आहेत. गेल्या वीसेक वर्षांत एवढे रुजले आहेत की देवीलाही आता आज कोणता, ते सकाळी बघून घ्यावे लागत असेल. मोखाड्याच्या बोहाड्यात जगदंबेचे सोंग वर्षानुवर्षे निघते. त्याच मुखवट्यासमोर सारा गाव हात जोडतो, गेल्या वर्षी हेच होते असे कोणी म्हणत नाही. आमच्या शाखेत मात्र त्या दिवशी हिरवा होता. साहेब हिरवे, रोखपाल हिरवे, पासबुके छापणाऱ्या मॅडम तर नखांपर्यंत हिरव्या. झाडलोट करणाऱ्या मावशींकडे दोन साड्या आहेत, दोन्ही तपकिरी. "मी काढते ना फोटो," असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या आणि नऊही दिवस फोटो त्यांनीच काढला.

फोटो चालू असताना म्हातारी काउंटरवर आली. आत बघून म्हणाली, "लगीन कुनाचा?" श्रावणबाळ योजनेच्या पैशांतून तिने सातशे रुपये काढले. बाजारात लुगडे घ्यायचे होते. मी विचारले, "आजी, तो गाउन काय केलात?"

"शेतात उभा हाये. नागलीला."

रविवारी मी मुद्दाम गेलो. पिकलेल्या नागलीत मधोमध बांबूच्या क्रुसावर तो चंदेरी गाउन उभा होता, डोक्याच्या जागी काळे मडके. ऊन पडले की अख्खे शेत लखलखत होते आणि आसपासच्या झाडावरची पाखरे तोंड फिरवून बसली होती. मी फोटो काढला आणि भाचीला पाठवला. मिनिटभरात फोन.

"मामा! हा माझा गाउन! थर्टीफर्स्टला घातला होता. एकदाच."

"आता रोज उभा असतो. उन्हात, पावसात."

ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारले, "पाखरं खरंच येत नाहीत?"

"आजी म्हणतात, या वर्षी एक नाही."

"मामा," ती म्हणाली, "फोटो परत काढ ना. मागचा डोंगर अर्धा कापला गेलाय."